नकार लेखी घ्या: दिव्यांग व्यक्तींनी समानतेचा हक्क मागायचा कसा

राज्यघटनेचं कलम १५ पहिल्यांदा वाचणाऱ्या दिव्यांग माणसाला ठेच लागते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून राज्यानं भेदभाव करायचा नाही, असं तिथं आहे. दिव्यांगत्व त्या यादीत नाही. सरकारी नोकरीतल्या समान संधीचं कलम १६ पाहिलं तर तिथंही नाही. कलम ४१ मध्ये उल्लेख सापडतो, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे न्यायालयात बजावून घेता न येणारं, आणि तिथली मदत राज्याच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ आहे. एवढं वाचून अनेकजण पुस्तक मिटतात आणि म्हणतात, आपल्यासाठी घटनेत फारसं काही नाही.

हा समज चुकीचा आहे, आणि त्याचा फायदा नकार देणाऱ्यांना होतो. आपला आधार कलम १४ आहे. ते कोणत्याही यादीवर अवलंबून नाही. ‘कोणत्याही व्यक्तीला’ कायद्यापुढं समानता आणि कायद्याचं समान संरक्षण नाकारता येणार नाही, असं ते सांगतं. त्याच्या जोडीला कलम २१ आहे. प्रतिष्ठेनं जगण्याचा हक्क न्यायालयांनी याच कलमात वाचला आहे. आणि या दोन कलमांना रोजच्या वापराची धार देणारा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार २००६ चा. भारतानं तो २००७ मध्ये स्वीकारला, कायदा २०१६ च्या डिसेंबरात झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत.

हा साधा कल्याणकारी कायदा आहे, घटनेशी त्याचा काय संबंध, असं कुणी म्हणालं तर ३ मार्च २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. मध्य प्रदेशात दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेबाहेर ठेवणारा नियम होता. न्यायालयानं तो रद्द केला, आणि दिव्यांगत्वाच्या आधारे भेदभाव न होण्याचा हक्क मूलभूत हक्काच्याच तोलाचा मानायची वेळ आली आहे, असं म्हटलं.

आता कामाची गोष्ट. या कायद्याचं कलम ३ आधी नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. दिव्यांगत्वामुळं कुणाशीही भेदभाव करायचा नाही, असं ते सांगतं आणि एकच अपवाद ठेवतं: ती कृती एखाद्या वैध उद्दिष्टासाठी होती आणि त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात होती, असं दाखवून दिलं तर. म्हणजे ‘मला का द्यावं’ हे पटवत बसायचं काम तुमचं नाही. का नाकारलं, हे समोरच्यानं सांगायचं. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत तर असं स्पष्ट आहे की तक्रार आल्यावर आस्थापनेच्या प्रमुखानं एकतर कारवाई करायची, नाहीतर आपला नकार कसा समर्थनीय आहे ते तक्रारदाराला लेखी कळवायचं. पहिला अर्ज टाइप करण्यापासून उच्च न्यायालयापर्यंत तुम्ही खरं तर एकच गोष्ट मागत असता: कारण द्या, आणि लेखी द्या.

पायरी पहिली: समोर कोण आहे ते ठरवा

मूलभूत हक्क प्रामुख्यानं ‘राज्या’विरुद्ध मागता येतात. घटनेच्या कलम १२ नुसार त्यात केंद्र आणि राज्य सरकार येतं, तसंच महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि सरकारच्या ताब्यातली महामंडळंही येतात. खासगी कंपनी, खासगी बँक, मॉल यांच्याविरुद्ध थेट कलम १४ चालवायला गेलात तर पहिल्याच तारखेला अडचण येईल. तिथं २०१६ च्या कायद्याचं कलम ३ पुढं करा. त्या कायद्यातल्या ‘आस्थापना’ या व्याख्येत खासगी आस्थापनाही आहे.

तक्रार कुठं जाणार तेही यावरच ठरतं. रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँक, केंद्रीय विद्यापीठ असेल तर दिल्लीचे दिव्यांगजन मुख्य आयुक्त. राज्य सरकारचं खातं, एसटी, महापालिका, राज्यातली शाळा-महाविद्यालयं आणि खासगी आस्थापना असतील तर राज्य आयुक्त. महाराष्ट्रात यासाठी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज परत यायला महिने लागू शकतात, म्हणून हे आधीच पाहून घ्या.

पायरी दुसरी: चाळीस टक्क्यांचा गोंधळ मनातून काढा

सगळ्यात जास्त हक्क इथं बुडतात. कार्यालयातला कारकून, शाळेचे मुख्याध्यापक, कधी कधी डॉक्टरसुद्धा बिनदिक्कत सांगतात, “चाळीस टक्क्यांच्या खाली आहात ना? मग तुम्हाला काही लागू नाही.”

कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एक आहे ‘दिव्यांग व्यक्ती’. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी संबंधित कमतरता आहे आणि समोरच्या अडथळ्यांमुळं समाजात इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही, अशी कुणीही व्यक्ती. या व्याख्येत टक्का नाही. दुसरी आहे ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’, तिथं किमान ४० टक्के लागतात. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधलं पाच टक्के आरक्षण, ६ ते १८ वयाच्या मुलांचं मोफत शिक्षण, हे सारं दुसऱ्या गटासाठी. पण भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय, म्हणजे अडथळा दूर करणारा आवश्यक बदल, मिळण्याचा हक्क पहिल्या, म्हणजे मोठ्या गटाचा आहे.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार निकाल आहे. उमेदवाराला हात आखडण्याचा विकार होता, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी त्यानं लेखनिक मागितला. तो लक्षणीय दिव्यांगत्वात बसत नाही म्हणून आयोगानं नकार दिला. न्यायालयानं हा नकार खोडून काढला आणि सांगितलं की वाजवी सोयीला चाळीस टक्क्यांची अट लावणं म्हणजे कायदाच उलटा वाचणं आहे. त्यानंतर २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

याच्या उलटही घडतं. ओंकार गोंड प्रकरणात वैद्यकीय प्रवेशाच्या नियमाप्रमाणं ४० टक्क्यांच्या वर वाचादोष असलेला विद्यार्थी एमबीबीएसला अपात्र ठरत होता. म्हणजे चाळीसच्या खाली आरक्षण नाही आणि चाळीसच्या वर पात्रताच नाही. असा नियम लिहिणाऱ्यानं तो एकदा मोठ्यानं वाचायला हवा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की केवळ टक्केवारीवरून कुणाला बाद करता येणार नाही. त्या व्यक्तीला तो अभ्यासक्रम प्रत्यक्षात करता येईल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळानं पाहायचं.

तरीही दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं विशिष्ट ओळखपत्र) काढून ठेवाच. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. टक्केवारी किंवा प्रकार चुकीचा लागला असं वाटलं तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. “डॉक्टरांनी लिहिलंय, आता बदलत नाही” हे ऐकून घरी येऊ नका. खोटी कागदपत्रं देऊन लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही इथंच सांगून ठेवतो. एजंट लोक हे सांगत नाहीत.

पायरी तिसरी: वाजवी सोय नेमकी मागा

वाजवी सोय म्हणजे त्या विशिष्ट माणसाला, त्या विशिष्ट ठिकाणी इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल, ज्याचा संस्थेवर अवाजवी बोजा पडत नाही. लेखनिक, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, सांकेतिक भाषेचा दुभाषी, स्क्रीनरीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल अशी फाइल, बदललेली कामाची वेळ, तळमजल्यावरची खोली. कायद्याच्या व्याख्येतच आहे की अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे. आणखी एक नियम पाठच करून ठेवा: सोयीचा खर्च, पूर्ण किंवा अर्धवट, दिव्यांग व्यक्तीकडून वसूल करता येत नाही. “रॅम्प बसवू, पण वर्गणी तुम्ही काढा” हे बेकायदा आहे.

अर्जाच्या भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. ‘मेहरबान साहेबांच्या सेवेशी’, ‘कृपाळू होऊन’, ‘मी एक गरीब अपंग असून’ ही वाक्यं काढून टाका. ती नम्र वाटतात, पण त्यामुळं तुमचा हक्क त्यांच्या मर्जीवर जातो, आणि मर्जीला कारण द्यावं लागत नाही. आजाराचा सगळा इतिहासही लिहू नका. अडथळा काय, त्याचा परिणाम काय, हवं काय, एवढंच. महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीचा अर्ज असा असू शकतो:

“विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ व १६ नुसार वाजवी सोय मिळण्याबाबत.
मी आपल्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. स्नायूंच्या विकारामुळे मला जिने चढता येत नाहीत. इतिहास व अर्थशास्त्राचे तास दुसऱ्या मजल्यावर होतात व इमारतीत लिफ्ट नाही. त्यामुळे सत्र सुरू झाल्यापासून या दोन विषयांच्या तासांना मला बसता आलेले नाही. हे तास तळमजल्यावरील वर्गखोलीत घेण्यात यावेत. तसे करणे शक्य नसल्यास त्याची कारणे व आपण सुचवत असलेली पर्यायी व्यवस्था मला १५ दिवसांत लेखी कळवावी. सोबत: दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत.”

या अर्जात लिफ्ट मागितलेली नाही, हे लक्षात घ्या. लिफ्टही मागता येते, पण तिला निविदा, मंजुरी, निधी लागतो आणि ‘बोजा’ हे उत्तर तयार असतं. खोली बदलायला फक्त वेळापत्रक बदलावं लागतं. जे उद्या होऊ शकतं ते आधी मागा. त्याला नकार देताना कारण शोधावं लागतं आणि ते कागदावर विचित्र दिसतं. लिफ्टचा अर्ज वेगळा करा. पंधरा दिवसांची मुदत कायद्यातली नाही, ती आपण घातलेली. परीक्षा आठवड्यावर असेल तर तीन दिवस लिहा.

पायरी चौथी: पोच, आणि मग वाट

अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का मारायला तयार नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा आणि तोच मजकूर ईमेल करा. शाळांमध्ये नकार बहुधा तोंडी आणि गोड असतो: “आमच्याकडं स्पेशल टीचर नाहीत हो, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल.” वाद घालू नका. घरी येऊन त्याच दिवशी ईमेल टाका: आज अमुक वाजता भेट झाली, प्रवेश देता येणार नाही व कारण हे असं सांगण्यात आलं, यात काही चुकलं असल्यास कळवावं. उत्तर आलं नाही तरी तुमच्याकडं तारखेचा कागद झाला.

सरकारी कार्यालय गप्प बसलं तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपये, तीस दिवस. ‘माझ्या अर्जावर काय कारवाई झाली’ एवढंच विचारू नका. त्या अर्जाच्या फाइलवरील टिपण्या व शेऱ्यांच्या प्रती, संस्थेच्या समान संधी धोरणाची प्रत आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव मागा. २०१६ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, खासगीनंसुद्धा. ते मागितल्यावर अनेकांना ते करायचं असतं हे पहिल्यांदा कळतं.

पायरी पाचवी: आलेला नकार वाचायला शिका

‘नियमात तरतूद नाही’ हे कारण नाही. नियम कायद्याच्या खाली आणि कायदा घटनेच्या खाली असतो. ‘वरून आदेश नाहीत’ हेही कारण नाही. ‘सर्वांना समान नियम’ हे तर कलम १४ चं निम्मंच वाचन आहे. ‘निधी नाही’ यावर विचारा की किती खर्च येईल याचा अंदाज काढला होता का. ‘सुरक्षिततेसाठी’ हे मात्र गांभीर्यानं घ्या, कारण सुरक्षितता वैध उद्दिष्ट असू शकते. प्रश्न असा की नकाराशिवाय दुसरा मार्ग तपासला होता का, आणि धोका खरा आहे की गृहीत धरलेला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका प्रवासी महिलेला विमान कंपनीनं याच सबबीवर विमानातून उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

इमारतींच्या बाबतीत ‘मार्गदर्शक सूचना आहेत, बंधनकारक नाहीत’ हे उत्तर पूर्वी चालायचं. राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या नियमांतला सुगम्यतेच्या निकषांचा नियम १५ याच कारणानं कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करायला सरकारला तीन महिने दिले.

पायरी सहावी: कोणतं दार ठोठवायचं

सरकारी नोकरीत असाल तर आधी कार्यालयातला तक्रार निवारण अधिकारी. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापना कुणाला काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर ढकलू शकत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करायचं. “स्वेच्छानिवृत्ती घ्या, मोकळे व्हा” असं प्रेमानं सांगणारे भेटतील. कागदावर सही करण्याआधी २०१६ च्या कायद्याचं कलम २० वाचा.

आयुक्तांकडं जायला वकील लागत नाही. साध्या कागदावर घटनाक्रम तारखांसह लिहा, मूळ अर्ज, पोच, नकार जोडा, शेवटी काय आदेश हवा ते क्रमांक घालून लिहा. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कर्णबधिर व्यक्तीनं सुनावणीसाठी दुभाषी लागेल हे तक्रारीतच लिहावं.

त्यांची मर्यादाही माहीत असावी. आयुक्तांना अंतरिम स्थगिती देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्याखाली २०१० मध्ये सांगितलं होतं. त्यामुळं प्रवेशाची शेवटची तारीख परवा असेल, परीक्षा तोंडावर असेल, बडतर्फीचा आदेश निघाला असेल, तर आयुक्तांकडं दिवस घालवू नका. घटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करा. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. उत्पन्नाचा दाखला मागितला तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ दाखवा.

चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, धमकावणं, मारहाण हे वेगळं प्रकरण आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली तो गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. तिथं आयुक्त नव्हे, पोलीस ठाणं.

आयुक्तांचा आदेश बाजूनं लागला की लोक पेढे वाटतात आणि फाइल कपाटात जाते. असं करू नका. कायद्याच्या भाषेत ती शिफारस असते. संबंधित प्राधिकरणानं तिच्यावर कारवाई करून तीन महिन्यांत आयुक्तांना कळवायचं, आणि शिफारस मानायची नसेल तर त्याच तीन महिन्यांत कारणं आयुक्तांना आणि तुम्हालाही कळवायची. आदेश मिळाला त्या दिवशीच नव्वद दिवसांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेला काहीच आलं नसेल तर आयुक्तांना एक ओळीचं स्मरणपत्र पाठवा आणि त्याची प्रत वकिलाला द्या. शिफारस झाली, मुदत गेली, कारण दिलं नाही, हे तीन कागद एकत्र असले की रिट याचिकेचा निम्मा मसुदा तयार असतो.